फायसेलिया: एक प्राणी की प्राण्यांचा जमाव?

जुहूवाली

मुलगी दहावीला आहे. विज्ञान भाग २ मध्ये प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे, त्यात शरीररचनेच्या पायऱ्या दिल्यात. अमीबासारख्यांचं सगळं एका पेशीतच भागतं. स्पंजांत पेशीस्तर, जलव्याल (म्हणजे हायड्रा), प्रवाळ वगैरेंत पेशी-ऊतीस्तर, चपट्या कृमींत ऊती-अवयवस्तर, आणि पुढे खेकड्यापासून माणसापर्यंत अवयवसंस्था-स्तर. इथवर पाठ झालं.

परवा जुहूला भरतीच्या रेषेवर निळे, काचेसारखे फुगे पडलेले दिसले. ब्लूबॉटल, म्हणजेच फायसेलिया. किनारा दाखवणाऱ्या ताई म्हणाल्या, हा एक प्राणी नाही, ही वसाहत आहे. खाणारे वेगळे, डंख मारणारे वेगळे, प्रजनन करणारे वेगळे. घरी येऊन पुस्तक उघडलं तर फायसेलिया जलव्यालाच्याच ओळीत, साधं उदाहरण म्हणून दिलेला. तेव्हापासून मुलीने डोकं खाल्लंय. एखादा सभासद फक्त खात असेल तर तो पोट झाला, त्याला प्राणी का म्हणायचं? आणि त्याला प्राणी म्हटलं तर अख्ख्या फुग्याला काय म्हणायचं? त्याची पायरी कुठली? क्लासमध्ये "हे विचारत नाहीत" एवढंच उत्तर मिळालं. मी कॉमर्सची. कुणी नीट सांगेल का?

रानवेडा

सोपं आहे. मधमाश्यांचं पोळं बघा. राणी अंडी घालते, कामकरी माश्या मध आणतात, नर एका कामापुरते. तरी प्रत्येक माशी हा एक प्राणीच. फायसेलियाही तसाच, एकत्र कुटुंब म्हणा. मुलीला सांगा, प्रत्येक सभासद प्राणी आणि फुगा म्हणजे त्यांचं घर. प्रश्न मिटला.

ढोरांचा_डॉक्टर

शास्त्रार्थ चालू द्या, मी आधी कामाचं सांगतो. अलिबागकडे पावसाळ्यात किनाऱ्यावर फिरायला नेलेली कुत्री नाक सुजवून माझ्याकडे येतात, कारण त्यांना हे निळे फुगे हुंगायचे असतात. माणसांचंही तेच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या होत्या. वाळूत मरून सुकत पडलेलाही हातात घेऊ नका. दोरा चिकटलाच तर वाळूने चोळू नका, चिमट्याने उचला, आणि मग तो भाग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं तरी ठेवा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा अंगभर सूज आली तर थेट दवाखाना. माणसांचा, माझा नव्हे.

भाट्येकर मास्तर

रानवेडा, पोळं मला मान्य नाही. पोळ्यातली प्रत्येक माशी वेगळ्या अंड्यातून निघते, तिचा जनुकसंच बहिणीहून वेगळा असतो, ती बाहेर उडते आणि परत येते. एकत्र कुटुंबातही खटका उडाला की धाकटा वेगळी चूल मांडतो. फायसेलियात ती सोयच नाही, कारण सगळ्यांची पोटं आतून एकमेकांना जोडलेली आहेत. एकाने गिळलं की ते सगळ्यांच्या अंगी लागतं.

ताई, मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात नोकरी घालवली. फॉर्मॅलिनच्या बरणीतला फायसेलिया पोरांना दाखवायचा म्हणजे शिक्षाच. निळा रंग उडालेला, फुगा चेपलेला, खाली शेवयांचा गुंता. पोरं जर्नलमध्ये बरणीऐवजी पुस्तकातलंच चित्र उतरवायची आणि मी सही करायचो. "पॉलिमॉर्फिझम", म्हणजे एकाच जातीची अनेक रूपं, हा बीएस्सीचा हमखास प्रश्न, त्यामुळे नावं सगळ्यांना पाठ. तुमच्या मुलीने विचारलंय ते मात्र फार थोड्या पोरांनी विचारलं.

फायसेलियापासून सुरुवात केली की गोंधळ होतो, म्हणून आधी जलव्याल घ्या. डबक्यातल्या पाणवनस्पतीला चिकटलेला, सेंटिमीटरभरही नसलेला जीव. पेशींचे दोन थर, मध्ये जेलीसारखा पातळ पदार्थ, वर एक तोंड, भोवती शुंडकं, म्हणजे शिकार धरणारे दोऱ्यासारखे हात. हृदय नाही, मेंदू नाही, वेगळं जठर नाही. खायला भरपूर मिळालं की त्याच्या अंगावर मुकुल, म्हणजे कोंबासारखं पिल्लू, फुटतो. मुकुलाला शुंडकं येतात, तोंड उघडतं, आणि दोन-तीन दिवसांत तो आईपासून सुटून निघून जातो.

आता असं समजा की तो सुटलाच नाही.

हे कल्पनेतलं नाही. ओबेलिया नावाचा प्राणी आहे, समुद्रातल्या दगडा-शेवाळावर झुडपासारखा वाढतो. त्याची तयार स्लाइड प्रत्येक प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात सापडेल. त्याचे मुकुल सुटत नाहीत, फांद्या होऊन राहतात, आणि सगळ्यांच्या आतली पोकळी एकच असते. बहुतेकांना तोंड आणि शुंडकं आहेत, ते खातात. काहींना मात्र तोंडच फुटत नाही. ते नुसते नळीसारखे राहतात आणि त्यांच्यावर बारीक मेड्युसा, म्हणजे छोट्या छत्रीसारखे जेलीफिश, तयार होऊन पाण्यात सुटतात. एकाच मुळावरची भावंडं, त्यातल्या काहींनी खाणं सोडलेलं. म्हणजे कामाची वाटणी इथेच सुरू झाली.

फायसेलिया त्याच रस्त्याने फार लांब गेलेला आहे. एका फलित अंड्यातून एक डिंभ (अळीसारखी पहिली अवस्था) होतो. त्याच्या एका टोकाला आत खळगा पडून वायुकोश बनतो, तोच तुमचा निळा फुगा. दुसऱ्या टोकाला पहिलं तोंड उघडतं. मधल्या भागातून मग मुकुलांमागून मुकुल फुटतात आणि त्यातला एकही सुटत नाही. या मुकुलांना झूऑइड म्हणतात. २०१९ मध्ये कॅट्रिओना मन्रो आणि सहकाऱ्यांनी लहान-मोठे नमुने तपासून ही वाढ फार बारकाईने मांडली. त्यात एक गंमत अशी की फुगा हा झूऑइड नाहीच. तो मुकुलातून येत नाही, मूळ डिंभाच्याच अंगाचा भाग आहे. तेव्हा "फुगा हाही एक सभासद" असं जे सर्रास लिहिलेलं असतं, ते सोडून द्या.

झूऑइड काय करतात बघा. खाणाऱ्याला तोंड आहे, शुंडक नाही. शिकार करणाऱ्याला लांबलचक शुंडक आहे, तोंड नाही. जन्मभर मासे धरून त्याला स्वतःला एक घास घेता येत नाही. प्रजननाचे झूऑइड फांद्याफांद्यांच्या घोसात असतात, आणि अख्खा फायसेलिया एक तर नर असतो नाही तर मादी. शुंडकाला मासा अडकला की ते आखडून त्याला वर ओढतं. मग खाणाऱ्यांची रांग तोंडं उघडून माशाला चिकटते, ओठ पसरत जातात आणि मासा चहूबाजूंनी झाकला जातो. पाचकरस बाहेरच सुटतो, मासा विरघळतो, आणि ते पातळ अन्न सामाईक पोकळीतून सगळ्यांकडे जातं. आता याला काय म्हणायचं? अनेक प्राण्यांची पंगत, की एकाच प्राण्याची अनेक तोंडं?

यावर एकोणिसाव्या शतकात कडाक्याचा वाद झाला. १८५१ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांचं म्हणणं, ही वेगवेगळ्या रूपांची स्वतंत्र मंडळी आहेत आणि त्यांनी कामं वाटून घेतलीत. तिकडे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली. ऐन विशीत रॅटलस्नेक जहाजावरून ऑस्ट्रेलियाकडे गेलेला, असले जीव समुद्रातून ताजे काढून पाहिलेला माणूस. तो म्हणाला, एका फलित अंड्यातून जे जे निघालं ते सगळं मिळून एकच व्यक्ती, बाकी सगळे तिचे अवयव. ऐकायला स्वच्छ. पण मग वालाच्या वेलावरचा मावा घ्या. त्याच्या माद्या नराशिवाय पिढ्यानपिढ्या पिल्लं घालतात, म्हणजे एका अंड्यापासून निघालेला अख्ख्या वाडीतला मावा मिळून एकच किडा! हक्सलीला हे दिसत होतं आणि त्याने ते कबूलही करून टाकलं. मला त्याचा हा हट्टीपणा आवडतो, पण उत्तर पटत नाही.

माझं मत असं. झूऑइडची घडण पाहिली तर तो प्राणी आहे, कारण तो जलव्यालाच्याच साच्यातला आहे, दोन थर आणि मध्ये पोकळी. त्याचं काम पाहिलं तर तो अवयव आहे. दोन्ही एकदम खरं असायला निसर्गाची काही हरकत नाही, हरकत कोष्टकाची आहे. पुस्तकातल्या पायऱ्यांत अवयव होण्याचा एकच मार्ग गृहीत धरलाय: ऊती एकत्र येतात आणि शरीराच्या आत अवयव घडवतात. आपलं जठर असंच झालं. फायसेलियाच्या कुळात ऊतींपासून असे गुंतागुंतीचे अवयव घडले नाहीत. त्यांनी अख्खं शरीरच पुन्हा पुन्हा काढलं आणि एकेका शरीराला एकेका कामाला जुंपलं. जठर हवं तर एक पूर्ण जलव्याल जठरासारखा वागवायचा. पोचले साधारण त्याच ठिकाणी, वाट निराळी.

आणि हा प्रकार फुटकळ नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ निंगालूच्या खोल दऱ्यांत फायसेलियाच्याच गणातला एक अपोलेमिया दिसला. वेटोळं घालून तरंगत होता, आणि नुसत्या बाहेरच्या वेढ्याची लांबी अंदाजे ४७ मीटर भरली. निळा देवमासा साधारण तीस मीटरचा.

हायड्रावाली

मास्तर, मस्त. मी पुण्यात, जलव्यालांच्या संगतीत पीएचडी करतेय. (पुण्यात जलव्यालावर काम बरंच जुनं आहे, आघारकर संस्थेत तर कित्येक वर्षं चाललंय.) दोन गोष्टी जोडते.

जलव्यालाच्या पेशी पूर्ण सुट्या करता येतात. म्हणजे प्राणी उरतच नाही, नुसतं पेशींचं गढूळ पाणी. त्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून एकत्र आणल्या की गोळा होतो, आतल्या थराच्या पेशी आत जातात, बाहेरच्या बाहेर, आणि काही दिवसांत गोळ्यातून डोकी फुटतात. कधी दोन, कधी तीन. गीरर आणि सहकाऱ्यांनी हे १९७२ मध्ये दाखवलं. त्याच्याही आधी, १९०७ मध्ये, एच. व्ही. विल्सनने स्पंज रेशमी कापडातून पिळून गाळला होता आणि खाली पडलेल्या पेशींनी पुन्हा स्पंज उभा केला. पेशीपासून प्राण्यापर्यंतची चढण लॅबमध्ये आठवड्याभरात बघायला मिळते. गोळ्यातून पहिलं शुंडक डोकावतं तेव्हा आमच्याकडे अजूनही एकमेकांना हाका मारल्या जातात.

दुसरी गोष्ट, मास्तरांचे जीव न सुटता राहिले म्हणून गुंतागुंतीचे झाले. याच्या अगदी उलटा मार्गही आहे: सुटे सुटे जगायचं आणि अडचणीत एकत्र यायचं. डिक्टिओस्टेलियम नावाचा मातीतला अमीबा आहे, त्याची नेहमी वापरली जाणारी जात केनेथ रेपरने नॉर्थ कॅरोलिनातल्या जंगलाच्या पाचोळ्यातून मिळवली आणि १९३५ मध्ये तिचं वर्णन केलं. जीवाणू खात एकटा राहतो. उपासमार झाली की पेशी एका रसायनाने एकमेकींना बोलावतात, हजारोंनी जमतात, गोगलगाईसारखा एक गोळा करून सरपटतात आणि शेवटी दांडा व त्यावर बीजाणूंचा गोंडा उभा करतात. दांड्यातल्या पेशी मरतात, साधारण पाचातली एक. गोंड्यातल्या जगतात. पण या सगळ्या एकाच अंड्यातून आलेल्या नसल्यामुळे लबाडी चालते. काही वाणांच्या पेशी दांड्यात कमी आणि गोंड्यात जास्त जातात. बंगळुरूच्या आयआयएससीत विद्यानंद नंजुंडैया यांनी या अमीबावर बराच काळ काम केलं.

म्हणून हक्सलीचं अंडं मला मास्तरांइतकं टाकाऊ वाटत नाही. व्यक्तीची व्याख्या म्हणून ते गडगडतं हे खरं. पण एका पेशीतून सुरुवात झाली की सगळ्या सभासदांचे जनुक सारखे, मग लबाडी करून मिळवायचं काय? फायसेलियाचा शिकारी झूऑइड जन्मभर उपाशी तोंडाने, म्हणजे तोंडाशिवाय, राबतो तो याच जोरावर. त्याचेच जनुक शेजारच्या प्रजननाच्या घोसातून पुढे जाणार असतात.

रानवेडा

ठीक, पोळं मागे घेतलं असं समजा. पण मग तुमच्या हिशेबाने माणूसही वसाहतच झाला की. एका अंड्यातून निघालेल्या, न सुटलेल्या पेशींची.

भाट्येकर मास्तर

झालाच. फरक एका पायरीचा. फायसेलियात अख्ख्या शरीरांनी स्वतंत्रपणा सोडला, आपल्यात पेशींनी. माणसाच्या अंगात अंदाजे तीस लाख कोटी पेशी असतात आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त तांबड्या रक्तपेशी. त्यांना केंद्रक नाही, विभाजन नाही, सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहायचा आणि संपायचं. तोंड नसलेल्या झूऑइडने त्यामानाने फारच थोडं सोडलंय.

हायड्रावाली, मुद्दा घेतला. तरी मावा विसरू नका.

ढोरांचा_डॉक्टर

मला वाटलं होतं माझं काम गरम पाण्यापुरतं, पण इथे बोलावं लागेल. पेशी खालच्या पायरीवर गप्प बसतातच असं नाही. भटक्या कुत्र्यांत कर्करोगाची एक गाठ आम्ही नेहमी बघतो, टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर). जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढते, रक्त ठिबकतं, आणि व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा पार जाते. ती पसरते समागमातून. पण पसरवणारा विषाणू किंवा जीवाणू नाही, गाठीच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. तपासलं तर त्या पेशींचे जनुक समोरच्या कुत्र्याशी जुळतच नाहीत. कुत्र्याची गुणसूत्रं ७८, गाठीच्या पेशीत साधारण साठच्या आसपास. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्यातरी एका कुत्र्याच्या पेशी आहेत त्या, जगभरच्या कुत्र्यांत अजून वाढताहेत.

म्हणजे एका शरीराची पेशी होती, ती शरीराबाहेर पडून स्वतःच एक परजीवी झाली. मास्तर, ही तुमच्या कोष्टकात कुठे बसवता?

भाट्येकर मास्तर

बसवत नाही. कुत्रा म्हणून रजिस्टरला नोंदवा आणि लायसन्स काढा.

डॉक्टर, तुमच्या पहिल्या प्रतिसादातही एक गोष्ट होती. मेलेल्या फायसेलियाला हात लावू नका म्हणालात, ते का, हे मुलीला सांगण्यासारखं आहे. शुंडकावर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीच्या आत दंशकोष, त्यात गुंडाळलेली पोकळ नळी. स्पर्श आणि काही रसायनं यांची जोड मिळाली की नळी बाहेर फेकली जाते. जलव्यालात अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजलंय, टोचण्याचा क्षण एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असतो. यासाठी वरून हुकूम लागत नाही. मज्जातंतूंचं जाळं ही तयारी कमी-जास्त करतं, पण गोळी झाडते ती पेशीच. म्हणून वसाहत मेली, झूऑइड मेला, तरी डंखाची यंत्रणा शाबूत राहते.

जुहूवाली

सगळ्यांचे आभार. मुलीने सगळं वाचलं, कुत्र्याचं दोनदा. तिचे दोन प्रश्न उरलेत. परीक्षेत फायसेलियाची पायरी विचारली तर काय लिहायचं? आणि अख्खा फुगा ही "एक" गोष्ट आहे असं किनाऱ्यावर उभं राहून, हात न लावता, दाखवता येईल असं काही आहे का?

भाट्येकर मास्तर

परीक्षेत पेशी-ऊतीस्तर. डोळे मिटून. ते चूकही नाही, कारण प्रत्येक झूऑइडची बांधणी तशीच आहे. इथली चर्चा उत्तरपत्रिकेत उतरवायची नाही, तपासणाऱ्यालाही दिवसाचे गठ्ठे संपवायचे असतात.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. आहे, दाखवता येतं. फुग्याच्या पाठीवर दुमडीसारखी शीड असते, ती फुग्याच्या लांबीशी थोडी तिरकी. झूऑइड फुग्याखाली मधोमध लटकत नाहीत, एका अंगाला असतात. कुणाचे डाव्या अंगाला, कुणाचे उजव्या. त्यामुळे फायसेलियांत डावे आणि उजवे असे दोन प्रकार पडतात, आणि एकाच वाऱ्यात दोघे वेगवेगळ्या दिशांना ढकलले जातात. डावा-उजवा हा गुण कुठल्या एका झूऑइडचा नाही. तो अख्ख्या देहाचा, आणि अगदी लहान नमुन्यातही दिसतो.

ताजे, फुगा न चेपलेले दहा-बारा शोधा. प्रत्येकाचा वरून फोटो काढा, फुग्याचं निमुळतं टोक एकाच दिशेला येईल असं उभं राहून. घरी जाऊन डावे किती, उजवे किती ते मोजा. पायात बूट हवेत, चपला नकोत, आणि ओहोटी लागल्यावर जा. आकडे इथे टाका, मलाही बघायचेत.